'जतन करा' कोण कुणाला म्हणतं?

मराठीत एक भलंमोठं गद्य पडून आहे, ज्याचं परीक्षण कुणी लिहीत नाही. हजारो वाक्यं, वाचकाला लेखकाचं नाव सहसा माहीत नाही, बऱ्याच जणांचं मानधन शून्य, आणि मुद्रितशोधन ज्याला वेळ असेल त्याने करायचं. हे गद्य म्हणजे लिनक्सच्या जगातल्या मुक्त सॉफ्टवेअरची मराठी भाषांतरं : ग्नोम हा डेस्कटॉप, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, डेबियनचा इन्स्टॉलर. याबद्दल फार तर एक वाक्य ऐकू येतं, "मराठीत ठेवलं की काहीच कळत नाही राव, इंग्लिशच बरं." हे मी जळगावात इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ऐकलं, पुण्यात ऑफिसात ऐकलं, धुळ्याला मामाच्या दुकानात ऐकलं. कारण विचारलं की उत्तर एकच : शब्द अवघड असतात.

असतात. पण मला ते मुख्य कारण वाटत नाही. गेले काही महिने माझ्या लॅपटॉपवर जे जे मराठीत लावता येईल ते लावून मी वाचतोय, पुस्तक वाचावं तसं. या गद्याची खरी अडचण शब्दकोशात नाही, वाक्यात आहे. आणि ती लक्षात आल्यावर भाषांतरकारांवर चिडायचं कारण निम्मं उरत नाही.

सगळ्यात छोट्या गोष्टीपासून सुरू करू. बटण. इंग्रजीत त्यावर एक क्रियापद असतं. त्या क्रियापदाला ना आदर, ना अनादर, ना वचन. मराठीत तसं उभंच राहता येत नाही. 'कर' म्हणायचं, 'करा' म्हणायचं, 'करावे' की 'करणे', हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला कोण कुणाशी बोलतंय हे माहीत असावं लागतं. आता एक खिडकी बघा. वर लिहिलंय, 'फाइल निवडा'. हे यंत्र मला सांगतंय, ठीक. खाली बटण : 'जतन करा'. हे कोण कुणाला म्हणतंय? बटण दाबणारा मी, म्हणजे बोलणारा मी आणि ऐकणारं यंत्र. मग मी माझ्याच लॅपटॉपला अहो-जाहो का करतोय? एकाच खिडकीत दोघं बोलतायत आणि दोघांचा आवाज एकच. म्हणून वाचताना कुठेतरी अडखळायला होतं आणि आपण त्याचं खापर 'जतन' या शब्दावर फोडतो. 'जतन' बिचारा घरातला शब्द आहे, आजी दागिने जतन करून ठेवते.

याहून वाईट अवस्था 'रद्द करा'ची. यंत्र विचारतं, काम थांबवायचं का, आणि खाली दोन बटणं : 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. रद्द काय होणार, काम की प्रश्न? हा घोळ मुळात इंग्रजीतला आहे, पण मराठीला तो सोडवायची संधी होती. दुकानात आपण काय म्हणतो? "राहू द्या." कापड परत घडी घालायला लावताना, चहा नको असताना, रिक्षा परवडत नसताना. 'राहू द्या' या दोन शब्दांत 'मी विचार बदलला, होतं तसं असू दे' एवढं सगळं येतं. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मराठीत हे बटण अजून माझ्या डोळ्यांना पडलेलं नाही.

आता जरा यंत्राच्या पोटात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर बहुतेक वेळा गेटटेक्स्ट नावाच्या पद्धतीने होतं. प्रोग्रामातली सगळी इंग्रजी वाक्यं एका फायलीत काढतात, भाषांतरकार प्रत्येकाखाली आपल्या भाषेतलं वाक्य लिहितो. वाक्यं सुटी येतात, पडदा दिसत नाही. 'ओपन' असा एकच शब्द समोर येतो. ते 'उघडा' आहे की 'उघडलेली'? कधी सोबत टीप असते, कधी नसते. आणि बऱ्याच वाक्यांत एक भोक असतं : टक्क्याचं चिन्ह आणि पुढे 'एस'. चालत्या प्रोग्रामात त्या जागी नाव येऊन बसतं. इंग्रजीत 'अमुक डिलिटेड' म्हणून मोकळं होता येतं. मराठीत? फाइल काढली. फोटो काढला. ॲप काढलं. फोल्डर तो की ते, यावर जळगाव आणि पुण्याचंच एकमत नाही. भोकात काय येणार हे माहीत नसताना क्रियापदाचं लिंग कसं ठरवायचं?

भाषांतरकाराने यावर जी पळवाट काढली ती तुम्ही हजार वेळा वाचलीय : 'काढून टाकण्यात आले आहे'. कर्ता नाही, लिंग नपुंसक, कुठेही चिकटतं. मला वाटायचं की ही सरकारी मराठी संस्कृतच्या प्रेमातून येते. वाचत गेलो तसं दिसलं की तिची बरीचशी जबाबदारी त्या भोकावर आहे. 'करण्यात आले' हा भाषांतरकाराचा निवारा आहे. तहसील कार्यालयातसुद्धा हाच निवारा वापरतात, कारण तिथेही कुणी केलं हे सांगायचं नसतं. पण ते वेगळं.

भोकाचा दुसरा बळी म्हणजे सामान्यरूप. आपल्याकडे नावाला प्रत्यय लागताना नाव वाकतं. जळगावचं जळगावात, धुळ्याचं बघा : धुळे, धुळ्यात, धुळ्याहून, धुळेकर. प्रोग्रामाला हे वाकवणं येत नाही. तो 'धुळे' उचलतो, जागा सोडतो आणि 'मध्ये' लावतो. 'धुळे मध्ये ४२ अंश.' आपल्याला कळतं, म्हणून आपण चालवून घेतो. पण हल्ली मला माणसं "मी धुळे मध्ये राहतो" असं टाइप करताना दिसतात, आणि मग वाटतं की या गद्याचे वाचक कमी असतील, परिणाम कमी नाही. (फिनिश आणि हंगेरियनसारख्या, नावाला प्रत्यय चिकटवणाऱ्या भाषांनाही हे दुखणं आहे. त्यावरचा जुना उपाय वाक्य फिरवून लिहायचा : 'ठिकाण : धुळे. तापमान : ४२ अंश.' कोरडं आहे, पण चूक नाही.)

आता शब्दांकडे येतो, कारण भांडण तिथेच होतं. 'ब्राउझर'ला न्याहाळक, 'फोल्डर'ला संचयिका, 'पासवर्ड'ला परवलीचा शब्द. एक बाजू म्हणते इंग्रजीच ठेवा, दुसरी म्हणते मग भाषांतर कशाला. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू नामांवर भांडतायत आणि क्रियापदं वाया चाललीयत.

कुठल्याही सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास उभं राहा. "ओटीपी आला का? टाक." "फोटो चढत नाहीये, साइज कमी कर." "साइट बंद पडली." "पीडीएफ काढून देतो." "खात्यावर पैसे पडले का?" "रिचार्ज मारला." "फोन लावला, उचलत नाही." "मेमरी कार्डातले फोटो उडाले." नामं जवळजवळ सगळी इंग्रजी. क्रियापदं सगळी मराठी, आणि ती नुसती 'करणे' नाहीत : टाकणे, काढणे, चढणे, पडणे, मारणे, लावणे, उडणे. प्रत्येकाची छटा वेगळी. 'फोटो काढून टाकले' म्हणजे मी टाकले. 'फोटो उडाले' म्हणजे माझा दोष नाही. फोन उचलणे, फोन लावणे, फोन ठेवणे यांतलं एकही कुणी समितीत बसून ठरवलेलं नाही. सातबाऱ्यावर नाव लागतं, बोजा चढतो. नोंदवहीचं हे क्रियापद संगणकाच्या यादीलाही चपखल बसलं असतं.

भाषांतरित सॉफ्टवेअर उघडा. 'संचयिका निर्माण करा.' 'जोडणी स्थापित करा.' 'बदल लागू करा.' 'मुद्रण करा.' नाम संस्कृत, क्रियापद 'करा'. इंग्रजीतलं जिवंत क्रियापद आधी मेलेल्या नामात बदललं आणि मग त्याला 'करा'च्या खाटेवर झोपवलं. जिथे असं झालेलं नाही तिथे मराठी लगेच श्वास घेते. 'पेस्ट'ला 'चिकटवा' म्हणतात ते किती चांगलं आहे! 'उघडा', 'शोधा', 'थांबा' यांबद्दल कुणाची तक्रार ऐकलीय? आणि न्याहाळक, ज्याची इतकी टिंगल होते, तोसुद्धा 'न्याहाळणे' या अस्सल क्रियापदापासून केलेला आहे. शब्द सुंदर आहे, नशीब फुटकं.

नामं बदलायचा प्रयोग आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' आलं, लोक 'पेशवा'च म्हणत राहिले. सावरकरांनी सुचवलेलं 'दिनांक' प्रत्येक फॉर्मवर छापलं गेलं म्हणून टिकलं, तरी बोलताना आपण तारीखच विचारतो. म्हणजे नवीन नाम रुजतं, पण त्याला रोज कुणीतरी छापावं आणि रोज कुणीतरी वाचावं लागतं. क्रियापदाला हे लागत नाही, ते आधीपासून तोंडात असतं. फारसीचा भरणा असलेली जुनी पत्रं वाचली तर नामं फारसी, पण वाक्य चालवणारी क्रियापदं आणि प्रत्यय मराठी. त्या काळातही मराठी मेली नाही ती या जोरावर. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांची दप्तरं गोळा करत, आणि १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. भाषा कशी चालते याचा पुरावा व्यवहाराच्या कागदांत शोधावा लागतो, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आज तो कागद म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं बोलणं.

इथे न्यायाने एक सांगितलं पाहिजे. वाक्यांच्या खालचा जो थर आहे, तिथे याच मुक्त सॉफ्टवेअरच्या लोकांनी आणि प्रमाणकं ठरवणाऱ्यांनी मराठीसाठी मोठं काम केलंय, आणि ते यशस्वी झालंय, इतकं की ते आपल्याला दिसतही नाही. 'ॲप' लिहिताना तुम्ही जे 'ॲ' दाबता ते एक अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि दोन्ही सारखे दिसले तरी सर्चला ते वेगळे. 'शेतकऱ्यांना'मधला तो अर्धा र घ्या. तो नीट न उमटल्यामुळे किती ठिकाणी 'शेतकर्यांना' छापलं जातं! केळी आणि कापसाच्या जिल्ह्यात तर हा शब्द रोजच्या बातमीत असतो. तो अर्धा र लिहायच्या दोन पद्धती आहेत, दिसायला एक, आतून भिन्न. त्या दोन्ही नीट दाखवणं हे फॉन्ट आणि अक्षरजुळणीच्या प्रोग्रामांचं काम, आणि लोहितसारख्या मुक्त फॉन्टांनी ते वर्षानुवर्षं केलं. किंवा 'ळ'. संगणकाच्या क्रमांकांत ळ हा 'ल'च्या लगेच नंतर, 'व'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. म्हणजे नुसत्या क्रमांकांवर यादी लावली तर जळगाव आधी आणि जवस नंतर, आपल्या कोशाप्रमाणे जवस आधी. हे सुधारायचं तर कुणीतरी मराठीची क्रमवारी लिहून द्यावी लागते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या नावांत ळ आहे, त्यामुळे हा मुद्दा मला जरा जास्तच लागतो.

डेबियनचंही असंच. २००९ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून त्याच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, पण फक्त चित्रमय रूपात. काळ्या पडद्यावरच्या साध्या मजकुरात जोडाक्षरं जुळवताच येत नाहीत. म्हणजे नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते त्या पडद्यावर आजही मराठी शक्य नाही.

मग वाक्यांच्या थरातच काम का अडलं? एक कारण व्यवहाराचं आहे. ग्नोमसारख्या प्रकल्पांच्या मराठीचा बराच भार एकेकाळी पुण्यात, रेड हॅटसारख्या कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी उचलला. आपण त्याला स्वयंसेवा म्हणतो, पण त्यातली पुष्कळ पगारी होती, आणि त्यात काही वाईट नाही. 'फ्युएल' नावाच्या प्रकल्पात तर नेहमी लागणारे शब्द एकत्र बसून ठरवायचा प्रयत्नही झाला. पण भाषांतर हे लावून मोकळं व्हायचं पीक नाही. मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द बदलला की गेटटेक्स्ट जुन्या मराठी वाक्यावर 'फझी' अशी खूण करतं, म्हणजे 'अंदाजे, तपासून घ्या'. कुणी तपासेपर्यंत पडद्यावर इंग्रजी दिसतं. केळीच्या मुख्य बागेनंतर पिलबाग धरतात तशी ही मशागत दर सहा महिन्यांनी, दर नव्या आवृत्तीला करावी लागते. माणसं पांगली, मशागत थांबली, आणि मराठी पडद्यात इंग्रजीची तणं दिसायला लागली. आज माझ्या पडद्यावर एका ओळीत 'गुणधर्म' आहे आणि खालच्याच ओळीत इंग्रजी. अर्धवट मराठी ही पूर्ण इंग्रजीपेक्षा अवघड असते, आणि मग तेच वाक्य ऐकू येतं : इंग्लिशच बरं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे गद्य कुणासाठी लिहिलंय, हे लिहिणाऱ्यांसमोर नव्हतं. म्हणायला 'सामान्य मराठी माणूस'. तो कुठला? आमच्या घरी अहिराणी बोलतात. 'आहे'ला शे, 'माझा'ला मना. यावल-रावेरकडे गेलात तर लेवा गणबोली, शिरपूर-साक्रीकडे भिली आणि पावरी. २०११च्या जनगणनेत 'खान्देशी' या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार माणसांची मातृभाषा नोंदली गेली. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीत खान्देशीला भिल्ल भाषांच्या खंडात बसवलं. तिचं मराठीशी नातं नेमकं काय, यावर नंतरही वाद झाले. या घरातलं मूल शाळेत जातं तेव्हा प्रमाण मराठी ही त्याची शिकलेली भाषा असते. त्याच्या दृष्टीने 'संचयिका' आणि 'फोल्डर' दोन्ही परके, फक्त फोल्डर त्याने मोबाइलच्या दुकानात ऐकलेला असतो. शुद्ध मराठीचा आग्रह त्याला घराजवळ आणत नाही, आणखी एक वर्ग लांब नेतो. पण 'टाक, काढ, लाव, उडालं' ही क्रियापदं त्याला ओळखीची आहेत, थोडा उच्चार बदलून त्याच्या घरातही आहेत.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प ज्यांनी कॉलेजात पाहिलाय त्यांना हा फरक लगेच कळेल. त्यात पडदा इंग्रजीच राहतो, लिनक्स असो की लिब्रेऑफिस, आणि मागून एक आवाज मराठीत काय करायचं ते सांगतो. इंग्रजी नामं, मराठी वाक्य. माझ्या बॅचमधली कितीतरी मुलं, जी इंग्रजी मॅन्युअल उघडायलाही घाबरायची, ती याच्या आधारे टर्मिनलवर काम करायला शिकली. बोलणाऱ्याला समोरचा ऐकणारा डोळ्यांसमोर धरावाच लागतो. वाक्यांच्या फायलीत तो नसतो.

कुणी म्हणेल, मग सगळं अहिराणीत भाषांतर करा. मला ते आत्ता पटत नाही. मराठीचीच पिलबाग धरायला माणसं नाहीत तिथे दुसरी बाग लावायची आणि वाळवायची, यात अहिराणीचा अपमान जास्त. पण खालच्या थरातलं काम छोटं आहे आणि टिकतं. लिनक्सच्या पायाशी असलेल्या ग्लिबसी या संग्रहात भाषाभाषांची 'लोकेल' असतात : वारांची-महिन्यांची नावं, हो-नाहीची अक्षरं, क्रमवारी. त्यात भिलीचं लोकेल आहे. अहिराणी मला तिथे सापडली नाही, जरी तिला तीन अक्षरांचा आंतरराष्ट्रीय भाषा-संकेत मिळालेला आहे. लोकेल ही एका माणसाला एका सुट्टीत लिहिता येईल एवढी फाइल. दुसरं म्हणजे शब्दयादी. 'शे' लिहिलं की स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम खाली लाल रेघ ओढतो. दहावीतल्या मुलीला आपल्या आईची भाषा दर दोन शब्दांनी चूक असल्याचं यंत्राने सांगणं, हे मला 'संचयिका'पेक्षा किती तरी गंभीर वाटतं. ती रेघ काढायला फक्त शब्दांची यादी लागते, समिती लागत नाही.

आणि मराठी वाक्यांचं काय? मोबाइलवर बसून करता येईल इतकं ते आता सोपं झालंय. फायरफॉक्सचं भाषांतर पाँटून नावाच्या साइटवर चालतं, इतर कितीतरी प्रकल्पांचं वेबलेटवर : वाक्य दिसतं, खाली आपलं वाक्य सुचवायचं. लिहिण्याआधी मोठ्याने म्हणून बघायचं, एवढाच नियम मी स्वतःला घातलाय. एका प्रकल्पात मी अशी काही वाक्यं सुचवली. 'तुम्हाला खात्री आहे का की तुम्हाला ही फाइल कायमस्वरूपी नष्ट करायची आहे?' या धाटणीच्या वाक्याच्या जागी 'ही फाइल काढून टाकायची? परत मिळणार नाही.' आणि बटणं दोन : 'काढून टाका' आणि 'राहू द्या'. तपासणाऱ्याने 'राहू द्या'वर शेरा मारलाय की हे फार बोलीतलं वाटतं, प्रमाण शब्द सुचवा. मी उत्तरात झेरॉक्सच्या दुकानातली चार वाक्यं लिहून पाठवली आहेत. सूचना अजून रांगेत आहे.